एन्व्हायर्नमेंटल डिझाइनमध्ये पीएचडी : प्रवेशापासून पदवीपर्यंतचे नियम

बी.आर्क. झालेली मुलगी किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेला मुलगा आता आपल्या समाजातही दुर्मीळ राहिलेला नाही. कवठे येमाईसारख्या शिरूर तालुक्यातल्या गावातूनही मुलं पुण्याला शिकायला जातात. मग घरात प्रश्न निघतो की पुढे पीएचडी करायची तर कशी, किती वर्षं, पैसा कुठून आणि मुलीचं लग्न ठरलं तर काय? आम्ही शाळेत शिकवणारी माणसं, पण जुने विद्यार्थी आणि त्यांचे अम्मी-अब्बा हेच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. म्हणून नियमांची ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

आधी नावाचा घोळ मिटवू. एन्व्हायर्नमेंटल डिझाइन म्हणजे घर, वस्ती, मोकळी जागा, पाणी, ऊन-वारा आणि माणूस यांचा एकत्र विचार करून केलेली रचना. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात 1959 साली वास्तुकला, नगररचना आणि लँडस्केप हे विभाग एका छपराखाली आणून याच नावाचं कॉलेज काढलं गेलं. आपल्याकडे मात्र पीएचडीच्या जाहिरातीत हे नाव क्वचितच सापडेल. शोधायचं ते आर्किटेक्चर, प्लॅनिंग, डिझाइन किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्स या विषयांखाली. पुण्यात कर्वेनगरला मुलींसाठी असलेल्या भानुबेन नानावटी आर्किटेक्चर कॉलेजात एम.आर्क.ला एन्व्हायर्नमेंटल आर्किटेक्चर ही शाखा आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत आर्किटेक्चर व प्लॅनिंगचा विभाग आहे, पवईच्या आयआयटीत आयडीसी हे डिझाइनचं स्कूल आहे आणि पर्यावरण अभियांत्रिकीही आहे. दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग शिकवतात. पदवीवर विषयाचं नाव काय छापलं जातं यापेक्षा मार्गदर्शक कोणत्या प्रश्नावर काम करतो हे महत्त्वाचं, असं आमचं मत आहे.

आता पात्रता. विद्यापीठांना लागू असलेले यूजीसीचे पीएचडी नियम नोव्हेंबर 2022 मध्ये नव्याने आले. (आयआयटी, एनआयटी यांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, ते त्यांच्या माहितीपत्रकात बघावेत.) यूजीसीच्या नियमानुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के हवेत. चार वर्षांची पदवी घेऊन थेट पीएचडीला जाणाऱ्याला 75 टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना 5 टक्के सवलत आहे.

इथे आपल्या घरांत मोठा गैरसमज आहे. मुस्लिम म्हणून ही सवलत मिळत नाही, ती प्रवर्गाची आहे. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढायला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं निघतं! मग चुलत आजोबा, त्यांचे भाऊ, आत्या, ज्यांच्या नावापुढे बिरादरी लिहिली असेल त्यांचा उतारा शोधावा लागतो. खासरा, जुना जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, जे मिळेल ते. या कामाला महिने जातात, म्हणून जाहिरात निघायची वाट बघू नका. केंद्राच्या संस्थेत अर्ज करायचा तर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. शेख, सय्यद, पठाण वगैरे जी घरं यादीत नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएस बघावं. त्याला वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि केंद्राच्या नियमात पाच एकर किंवा जास्त शेती असलेलं कुटुंब बसत नाही.

प्रवेशाचे रस्ते दोन. नेट, गेट, सीड अशा राष्ट्रीय परीक्षेतून फेलोशिपला पात्र झालेल्यांना मुलाखतीवर घेता येतं. बाकीच्यांना प्रवेश परीक्षा, जिला आपण पेट म्हणतो. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर असतात आणि 50 टक्के गुण मिळाले तरच पुढे जाता येतं. नंतर परीक्षेचे 70 आणि मुलाखतीचे 30 असं वजन धरतात. 2024 पासून नेटच्याच गुणांवर पीएचडी प्रवेश देण्याची सोय झाली आहे. फक्त पीएचडीसाठी पात्र ठरलेल्यांचे ते गुण एक वर्षच चालतात. पर्यावरणशास्त्राला नेट आहे. आर्किटेक्चर हा विषय मात्र नेटमध्ये नाही, त्यामुळे बी.आर्क., एम.आर्क. झालेल्यांनी गेटचा आर्किटेक्चर व प्लॅनिंगचा पेपर किंवा डिझाइनसाठी सीड द्यावी. आमच्या मते गेट देऊन ठेवणं सगळ्यात फायद्याचं.

मुलाखतीला जायचं ते प्रश्न घेऊन. "मला पर्यावरणावर काम करायचंय" हे उत्तर पुरत नाही. प्रश्न दूर शोधायला नको. आपला पट्टा घोड आणि कुकडी या दोन नद्यांचा. पाणी आलं तसा ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. बिबट्या आणि माणूस एकाच शिवारात कसे राहतात यावर विद्या अत्रेय यांनी अकोले भागात केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तो वन्यजीवांचा अभ्यास आहे. पण मळ्यातलं घर उसापासून किती अंतरावर असावं, शेळ्यांचा गोठा कसा बांधावा, रात्री अंगणातला उजेड कुठे पडावा, संडास घराला जोडून असावा की लांब, शाळेची पायवाट कुठून न्यावी, हे सगळे रचनेचे प्रश्न आहेत. मळ्यात राहणाऱ्या बाईला हे प्रश्न प्राध्यापकाइतकेच कळतात. पत्र्याच्या वर्गात एप्रिलमध्ये मुलं कशी बसतात, रांजणगाव एमआयडीसीभोवती कामगारांच्या खोल्यांत हवा कशी खेळते, टाकळी हाजी-निघोजच्या रांजणखळग्यांवर पर्यटकांची गर्दी वाढली तर नदीकाठ कसा राखावा? यातला एक प्रश्न नीट मांडला तर मुलाखतीचे 30 गुण हातातून जात नाहीत.

मार्गदर्शक ठरवताना संकोच नको. प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 च विद्यार्थी असू शकतात. जागा रिकामी आहे का, हे आधी विचारा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर ते नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत.

प्रवेशानंतर 12 ते 16 क्रेडिटचं कोर्सवर्क असतं. त्यात संशोधनाची नैतिकता हा पेपर येतो आणि किमान 55 टक्के लागतात. गावातून रोज पुणे जमणार नाही, तेव्हा तेवढे महिने राहण्याची सोय बघावी लागते. पुढे दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची. नोकरी करणाऱ्याला पार्ट-टाइम पीएचडी करता येते, पण मालकाचं किंवा संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला मात्र मान्यता नाही. "घरबसल्या डॉक्टरेट, वर्षात हमखास" असं सांगणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. फेरनोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांची रजा मिळते. आणि ज्यावरून घरात सगळ्यात जास्त वाद होतो ती गोष्ट, लग्न. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने मुलगी दुसऱ्या शहरात गेली तर तिचं संशोधन तिथल्या विद्यापीठात नेण्याची परवानगी याच नियमांत आहे. अट इतकीच की बाकीच्या शर्ती पाळलेल्या असाव्यात आणि ते काम मूळ संस्थेला किंवा मार्गदर्शकाला मिळालेल्या निधीच्या प्रकल्पातलं नसावं. म्हणून निकाह ठरण्याची शक्यता असेल तर मार्गदर्शकाच्या प्रकल्पातला विषय घेण्याआधी दोनदा विचार करा, आणि मुलाकडच्यांशी बोलताना या नियमाची प्रत सोबत ठेवा. "लग्नानंतर बघू" म्हणून सोडलेली पीएचडी पुन्हा सुरू झालेली आम्ही फार कमी पाहिली आहे.

पैशाचं म्हणाल तर अल्पसंख्याकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने 2022-23 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. हा आपल्या मुलांना बसलेला खरा फटका आहे. उरलेल्यात जेआरएफ सगळ्यात मोठी. जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये. वय 30 च्या आत हवं, मुलींना आणि ओबीसींना पाच वर्षं सूट. घरातली एकुलती एक मुलगी असेल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. ओबीसी दाखला असेल तर महाज्योतीची फेलोशिप बघा, तिथे त्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्याचा पुन्हा उपयोग होतो. अल्पसंख्याकांसाठी मार्टी या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली, तिच्या जाहिरातींवरही नजर ठेवावी.

शेवटचा टप्पा प्रबंधाचा. सादर करण्याआधी विभागात सादरीकरण होतं. मग मजकूर साहित्यचोरीच्या तपासणीतून जातो. 2018 च्या नियमानुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे प्रबंध दुरुस्तीला परत येतो. बाहेरचे किमान दोन परीक्षक तो वाचतात आणि त्यांचे अहवाल अनुकूल आले की तोंडी परीक्षा होते. प्रबंध दिल्यापासून हे सगळं सहा महिन्यांत संपवायचं, असं विद्यापीठावर बंधन आहे. पूर्वी पदवीआधी शोधनिबंध छापणं सक्तीचं होतं, 2022 च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विचारून घ्यावं.

मंजूर प्रबंधाची प्रत शोधगंगा या संकेतस्थळावर ठेवली जाते. तिथे देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. अर्ज भरण्याआधी आपल्या विषयातले दोन-तीन उघडून पाहा, प्रत्येकाची पाच-पाच पानं तरी. मार्गदर्शकांची नावंही तिथेच सापडतील.