आलेखाच्या दोन सावल्या

मूर्तिजापूरहून अचलपुराकडे जाणारी अरुंद रुळांची आगगाडी वऱ्हाडांत ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ओळखली गेली. किलिक निक्सन या विलायती पेढीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं कापसाच्या वाहतुकीकरितां हा मार्ग उभारला. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन त्यावर १९९४ पर्यंत राबत होतें. आतां ती गाडी थांबली आहे. परंतु अकोला जिल्ह्यांतून अमरावती जिल्ह्यांत नेणारा तिचा सुमारें ७६ किलोमीटरांचा प्रवास गणितांतील एक नाजूक गोष्ट समजावून देण्यास फार उपयोगी आहे.

एका कागदावर आडव्या रेषेवर निघाल्यापासूनचे तास मांडावे व उभ्या रेषेवर मूर्तिजापुरापासूनचें अंतर मांडावें. प्रवासास चार तास लागले असें धरल्यास गाडीची वाट एका चढत्या रेषेच्या रूपानें कागदावर उमटते. ही कल्पना नवी नव्हे. पॅरिस ते लियाँ मार्गावरील गाड्यांचें असेंच चित्र मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८८५ च्या ग्रंथांत आढळतें. ती पद्धत त्यानें इब्री या अभियंत्याची म्हणून दिली आहे.

या रेषेवर माथ्यावरच्या सूर्याचा प्रकाश पडला, तर तिची सावली खालच्या आडव्या रेषेवर शून्यापासून चार तासांपर्यंत पडेल. ही सावली म्हणजे त्या फलाचा प्रांत. मावळतीचा प्रकाश बाजूनें आला, तर उभ्या रेषेवर शून्यापासून ७६ पर्यंत दुसरी सावली पडेल. तो त्याचा विस्तार. दर्यापूरास गाडी दहा मिनिटें उभी राहिली, तर आलेखाचा तेवढा तुकडा आडवा होतो. त्याची खालीं दहा मिनिटांची सावली पडते, उभ्या रेषेवर मात्र केवळ एक बिंदु! विद्यार्थी या ठिकाणीं हटकून घोटाळा करितात.

ही साधी गोष्ट गणितज्ञांनाही सहज उमगली नाहीं. देकार्तनें १६३७ त भूमिति व बीजगणित यांची सांगड घातली; तरी १७४८ त ऑयलरनें फल म्हणजे सूत्र, अशीच व्याख्या केली. सूत्र हातीं असलें कीं तें कोठवर लागू आहे हा प्रश्न मागें पडतो. पुढें ऑयलरनेंच ती व्याख्या सैल केली. १८३७ त दिरिख्ले यानें स्पष्ट सांगितलें, कीं ठरलेल्या मर्यादांमधील प्रत्येक किंमतीस एकच उत्तर मिळालें म्हणजे पुरे. त्यामागें एकच नियम असण्याची गरज नाहीं. शकुंतलेच्या चालकास कोणतें सूत्र ठाऊक होतें? कोळसा, चढ, रुळांवर आडवें आलेलें गुरूं, यांवर तिची गति ठरे. तरीहि कोणत्याही क्षणीं ती एकाच ठिकाणीं असे, आणि फल होण्यास तेवढें पुरेसें आहे.

मर्यादा विसरली तर काय होतें तें पाहूं. सरळ वाटणारी रेषा पांचव्या तासापर्यंत लांबविल्यास ती ९५ किलोमीटर दाखवील. म्हणजे गाडी अचलपूर ओलांडून गाविलगडाच्या डोंगरांत शिरली पाहिजे! तेथें रूळच नाहींत. गणित चुकलें नाहीं. प्रांताबाहेरचा प्रश्न विचारला गेला.

उलटपक्षीं, प्रांत आक्रसतोहि. गार्डानें केवळ स्टेशनांवरील वेळा टिपल्या, तर कागदावर अखंड रेषा नसून सुटे ठिपके असतात. ते जोडून काढलेली रेषा सोयीची असली, तरी दर्यापूर व अंजनगांव यांच्या मध्यें गाडी कोठें रखडली हें ती सांगूं शकत नाहीं.

एकेरी मार्गाच्या वेळापत्रकांत हा भेद जिवावरचा ठरतो. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेषा जेथें छेदतात, तेथें त्या एकाच वेळीं एकाच जागीं येणार. तो छेद दोघींच्याहि प्रांतांत येतो काय, हें पहिल्यानें खालच्या सावल्यांवरून पहावयाचें. नंतर नजर उभ्या रेषेकडे न्यावयाची; छेदाची उंची जेथें गाड्यांना बाजूला होतां येतें अशा स्टेशनाच्या अंतराशीं जुळली नाहीं, तर एकीची सुटण्याची वेळ बदलून तिची सारी रेषा कागदावर बाजूला सरकवावी लागते.