काही होत नसलेल्या माणसाच्या दारी: कर्करोगाच्या स्क्रीनिंगची प्रस्तावना

वैद्यकाची बहुतेक घडण दुखणे घेऊन येणाऱ्या माणसाभोवती झाली आहे. ताप उतरत नाही, पोटात दुखते, म्हणून माणूस येतो आणि डॉक्टर त्याचे ऐकून घेतात. कर्करोगाच्या स्क्रीनिंगमध्ये हे नाते उलटे होते. शेतावर निघालेल्या, धडधाकट बाईच्या दारात आरोग्यसेविका न बोलावता येऊन उभी राहते आणि ‘ताई, तपासणीला चला’ म्हणते. ‘मला काय धाड भरली आहे?’ हा त्या बाईचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे खरे उत्तर देता येणे, हीच या विषयाची कसोटी आहे असे मला वाटते.

या विषयाकडे वळणाऱ्यांत वैद्यकाचे विद्यार्थी असतील, आशाताई असतील, शिक्षक आणि पत्रकार असतील, घरात एखादे आजारपण जवळून पाहिलेले लोकही असतील. सगळ्यांचे मनापासून स्वागत. इथे पेशीशास्त्र आणि संख्याशास्त्र लागते. तितकेच बायकांचा संकोच, बुडणारी रोजंदारी आणि तालुक्याच्या एसटीची वेळ हेही समजून घ्यावे लागते. मराठी वाचकाला तर या विषयाशी खास जवळीक वाटायला हवी, कारण जगभर आधार म्हणून दाखवले जाणारे काही महत्त्वाचे पुरावे मराठवाड्यातल्या खेड्यांनी आणि मुंबईतल्या झोपडवस्त्यांनी दिले आहेत.

सुरुवातीलाच एक फरक मनात पक्का करावा. अंगावर काही लक्षण दिसले तर ते ओळखून वेळ न घालवता दवाखाना गाठणे, हे जागृतीचे काम. लक्षण काहीच नसताना ठरावीक वयाच्या सगळ्यांना तपासणे, हे स्क्रीनिंगचे. स्तनातली न दुखणारी गाठ, मासिक पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाणे, तोंडातला तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, हे सारे ज्याला दिसले आहे त्याने पुढच्या शिबिराची वाट पाहायची नसते. त्याला थेट निदान हवे. दोन्ही कामे एकाच फलकावर आली की त्यांची सरमिसळ होते, आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

नुसत्या जागृतीने काय साधते, याचे उदाहरण बार्शीचे आहे. 1987 साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातल्या नोंदणीला रुग्णालयांची आणि प्रयोगशाळांची दप्तरे मिळतात; खेड्यात ती कुठली असणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे सांगत राहिले, संशय येईल त्याला बार्शीच्या रुग्णालयात यायला सांगत राहिले. डॉ. भगवान नेने आणि कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी कायमची जोडलेली आहेत. हेतू मोजणीचा होता, पण काही वर्षांनी नोंदी पाहताना दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. कुठलेही नवे यंत्र आलेले नव्हते. माणसे वारंवार येऊन बोलत होती, एवढाच बदल झाला होता. 1995 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी हे वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याच पायावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी चार गटांत विभागले. एका गटाची या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची गर्भाशयमुखाच्या पेशी तपासण्याच्या पॅप पद्धतीने, तिसऱ्याची गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. 2009 मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते, चौथ्या गटात 64. आयुष्यात एकदाच झालेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते. उरलेल्या दोन पद्धतींनी मात्र ठळक फरक दाखवला नाही.

मग आम्लाची तपासणी कुचकामी म्हणायची का? मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने 1998 पासून जवळपास दीड लाख बायकांवर केलेला अभ्यास वेगळे सांगतो. तिथे हीच स्वस्त तपासणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. एका फेरीत जे साधले नाही ते पुन्हापुन्हा तपासल्याने साधले, असे मला या दोन निकालांवरून दिसते. या दोन्ही प्रयोगांत ज्या गटाची तपासणी झाली नाही, त्याच्याविषयी नैतिक आक्षेप घेतले गेले. ते गंभीर आहेत, आणि अभ्यासकाने ते टाळून पुढे जाऊ नये. आज आपण जे ठामपणे सांगू शकतो त्यात त्या बायकांच्या मृत्यूंचीही मोजणी आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासणीला इतका अनुकूल का, याचे कारण त्याच्या संथपणात आहे. एचपीव्हीचा बहुतेक संसर्ग शरीर एक-दोन वर्षांत आपणच परतवते. जो टिकून राहतो त्याला कर्करोगापर्यंत पोचायला सहसा दहा-वीस वर्षे लागतात. त्या काळात बिघडलेला भाग गोठवून वा जाळून काढता येतो. सगळे कर्करोग इतकी सवड देत नाहीत. स्तनांच्या कर्करोगाचेच पाहा. मुंबईच्या त्याच अभ्यासात प्रशिक्षित स्त्रियांनी हाताने केलेली स्तनतपासणीही होती, आणि तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या. मृत्यूंत मात्र पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये सुमारे 30 टक्के घट झाली आणि त्याहून तरुण बायकांमध्ये घट दिसली नाही. ‘लवकर सापडला म्हणजे वाचला’ हे वाक्य भाषणात सहज येते, पण कोणता कर्करोग, कोणत्या वयात, हे विचारल्याशिवाय ते खरे ठरत नाही.

लवकर सापडल्याचा आकडाही फसवू शकतो. समजा, एकाला साठाव्या वर्षी लक्षणावरून कर्करोगाचे निदान झाले आणि त्रेसष्टाव्या वर्षी तो गेला. तोच आजार छप्पन्नाव्या वर्षी तपासणीत सापडला आणि तरीही तो त्रेसष्टाव्या वर्षीच गेला, तर कागदावर तीनऐवजी सात वर्षांचे जगणे दिसेल. प्रत्यक्षात आयुष्यात एका दिवसाची भर नाही. चार वर्षे जास्त काळजी मात्र वाट्याला आली. दुसरा धोका नको तेवढे शोधण्याचा. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली तेव्हा त्या कर्करोगाची नोंद 1993 ते 2011 या काळात पंधरा पट झाली. मृत्यू होते तेवढेच राहिले. कधीच त्रास न देणाऱ्या गाठींसाठी हजारोंच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मभराची गोळी लागली. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती वाचताना हा इतिहास आठवावा.

भीतीचा गैरवापर तर आपल्या दारातच झाला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे 2019 मध्ये पुढे आले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ असे आपल्याला सांगितले गेल्याचे अनेकींनी सांगितले. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा औषधाने बरे होणारे दुखणे असते. ज्या जागृतीत हे वाक्य नाही, फक्त कर्करोगाचे नाव आहे, ती जागृती मला अपुरीच नव्हे तर घातक वाटते.

तोंडाच्या कर्करोगाबद्दल इथे थोडक्यात सांगतो. भारतीय पुरुषांत तो पहिल्या क्रमांकावर आहे, कारणे तंबाखू आणि सुपारी, आणि महाराष्ट्रात मिश्री लावणाऱ्या बायकाही त्यातून सुटत नाहीत. पांढरा वा लाल चट्टा, हळूहळू कमी उघडणारे तोंड हे बॅटरीच्या उजेडात दिसते. तिरुवनंतपुरमच्या मोठ्या अभ्यासात, आरोग्यसेवकांनी अशी पाहणी केल्यावर तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. दातांच्या डॉक्टरांनी यात अधिक पुढाकार घ्यायला हवा.

सरकारी कार्यक्रमात 2016 पासून तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तोंड, तर बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी ठरलेली आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या बायकांचे प्रमाण देशात दोन टक्क्यांच्याही आत होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लस आता उपलब्ध आहे, पण ती मुख्यतः मुलींसाठी. आज तिशी-चाळिशीत असलेल्या बायकांना तपासणीचाच आधार आहे. एचपीव्ही तपासणीचा नमुना आपला आपण घेण्याची पद्धत आल्यामुळे संकोचाचा अडसर बराच कमी होईल, अशी मला आशा वाटते.

त्यापुढचे काम अजून व्हायचे आहे. ज्या बाईच्या नमुन्यात दोष निघाला तिला पुन्हा बोलावणे, तपासणे, उपचार देणे, या वाटेवर किती बायका गळतात, याची मोजणी शिबिरातल्या उपस्थितीइतक्या उत्साहाने होत नाही. धाराशिव-बीडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दसऱ्याला घेतलेल्या नमुन्याचा अहवाल गावात येईल तेव्हा ती बाई सांगली-कोल्हापुरात किंवा कर्नाटकात फडावर असेल. शिबिराची तारीख धरताना हा हंगाम पाहणारे, आणि अहवाल फडापर्यंत पोचवण्याची व्यवस्था लावणारे अभ्यासक या विषयाला हवे आहेत.