लंडन ते सिंगापूर : सहा विद्यार्थी आणि एक बुजलेला रस्ता

आपल्या इंदूरच्या मराठी घरांचा इतिहास रस्त्यावरच सुरू होतो. कुणाचे पूर्वज मल्हारराव होळकरांच्या फौजेबरोबर आले, कुणाचे दप्तर सांभाळायला, कुणाचे भिक्षुकीच्या निमित्ताने. नर्मदा ओलांडून जो तो इथलाच झाला. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एका प्रवासाचीच हकिगत निवडली. ती आपल्या मुलखातली नाही, पण तिचा सर्वांत अवघड टप्पा भारताच्या सीमेवरच घडला.

१ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनहून दोन लँड रोव्हर गाड्या निघाल्या. गडद निळ्या गाडीचे नाव ‘ऑक्सफर्ड’, फिक्या निळीचे ‘केंब्रिज’. आत या दोन विद्यापीठांतील सहा तरुण होते : टिम स्लेसर, एड्रियन कॉवेल, अँटनी बॅरिंग्टन ब्राउन, हेन्री नॉट, पॅट मर्फी आणि नायजेल न्यूबरी. जायचे होते सिंगापूरला. मधली इंग्लिश खाडी सोडली, तर सगळा प्रवास जमिनीवरून. त्याआधी कुणी मोटारीने हा पल्ला पूर्ण केल्याची नोंद नव्हती. अडचण युरोपात नव्हती, इराणच्या वाळवंटातही नव्हती. घोडे अडायचे ते भारत आणि ब्रह्मदेश यांच्यामध्ये.

या मुलांजवळ पैसा नव्हता. पण कामाची वाटणी चोख होती. नॉट गाड्यांची दुरुस्ती पाहणार, कॉवेल व्यवस्था आणि पत्रव्यवहार, ब्राउन कॅमेरा, स्लेसर लेखन. गाड्या कंपनीने दिल्या. बी.बी.सी.तील डेव्हिड ॲटनबरो या तरुण निर्मात्याने चित्रीकरणासाठी फिल्म पुरवली. यांतल्या ब्राउनचा आणखी एक पराक्रम आपल्या मुलांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेला असेल : डी.एन.ए.च्या प्रतिकृतीजवळ उभे असलेले वॉटसन आणि क्रिक, हा १९५३ सालचा प्रसिद्ध फोटो त्यानेच काढला होता.

तुर्कस्तान, इराक, इराण, पाकिस्तान असे करत गाड्या भारतात आल्या आणि पुढे आसामात लेडोला पोहोचल्या. इथून खरी परीक्षा होती. लेडोचा रस्ता हे दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर चीनला रसद पोहोचवण्यासाठी अमेरिकन जनरल स्टिलवेल यांच्या देखरेखीखाली डिसेंबर १९४२ मध्ये काम सुरू झाले. पटकाई डोंगरातील पांगसाऊ खिंडीतून, घनदाट जंगल आणि मलेरियाशी झुंजत हा रस्ता पुढे नेला. सुमारे १५ हजार अमेरिकन सैनिक त्यावर राबले. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. शिवाय सुमारे ३५ हजार स्थानिक मजूर होते. अकराशेच्या आसपास अमेरिकन मेले, स्थानिक मजूर त्याहून कितीतरी अधिक. जानेवारी १९४५ मध्ये पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोहोचला. त्याच वर्षी युद्ध संपले, आणि रस्त्याची गरजही.

पीडब्ल्यूडीत डिप्लोमावर लागल्यापासून आम्ही वरिष्ठांच्या तोंडून एकच धडा ऐकत आलो आहोत : रस्त्याचे शत्रू तीन – पाणी, पाणी आणि पाणी. गटारे उपसली नाहीत, मोऱ्या तुंबल्या, की डांबर कितीही जाड असो, दोन पावसाळ्यांत रस्ता आपली जागा सोडतो. पटकाईतला पाऊस तर आपल्या माळव्याच्या कितीतरी पट. दहा वर्षांतच पांगसाऊ खिंड ते शिंगब्वियांग या टप्प्यावरचे पूल पडले होते. म्हणजे हजारो जीव घेऊन बांधलेला रस्ता कुणी बॉम्ब न टाकताच नाहीसा होत होता. विद्यार्थ्यांनी पावसाळ्याआधीचा कोरडा काळ गाठला, पूल नव्हते तिथे नद्यांच्या पात्रांत गाड्या घातल्या आणि मिचिना गाठले. पुढे ब्रह्मदेश, थायलंड, मलाया असे करत ६ मार्च १९५६ रोजी ते सिंगापूरला पोहोचले. लंडन सोडून सहा महिने आणि सहा दिवस झाले होते. स्लेसरने ‘फर्स्ट ओव्हरलँड’ या पुस्तकात ही सारी हकिगत लिहिली.

नंतरची दोन दशके या वाटेच्या पश्चिमेकडच्या टप्प्याची बहराची होती. १९५७ मध्ये लंडन–कोलकाता बसही धावली. युरोपातली मुले झोळी अडकवून काबूलमार्गे भारतात येऊ लागली. मग १९७९ उजाडले. इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि ही वाट मिटली. २०१९ मध्ये दुरुस्त केलेली तीच ‘ऑक्सफर्ड’ गाडी सिंगापूरहून लंडनला निघाली. ८७ वर्षांचे स्लेसर स्वतः जाणार होते, पण प्रकृतीने साथ दिली नाही, तेव्हा नातू गेला. गाडी पोहोचली, पण मार्ग तिबेट, चीन आणि मध्य आशियातून काढावा लागला. आजोबांची वाट नातवाला मिळाली नाही.

लेडोचा रस्ता पाण्याने गेला, काबूलचा राजकारणाने. पहिला निदान पुन्हा बांधता येतो, त्याला खडी आणि मजूर लागतात. दुसऱ्याला शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास लागतो, आणि तो कुठल्याच खात्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही. ए.बी. रोडवरून ग्वाल्हेर किंवा नाशिक गाठताना आपल्याला मोकळा रस्ता गृहीतच वाटतो. पण जिथून आपले पूर्वज बिनदिक्कत आले, तशी वाट पुढच्या पिढीला मिळेलच असे नाही. तेव्हा घरातले एखादे मूल मित्रांबरोबर नकाशा पसरून बसले, तर आधी ‘नोकरीचे काय?’ असे विचारू नये. वाटा उघड्या आहेत तोवर जाऊ द्यावे. हातावर दही ठेवावे, आणि मोऱ्या साफ ठेवण्याचे काम आपण करावे.