सुलभा कुलकर्णी : पाण्यात तयार होणारे चमकणारे नॅनो कण

प्रा. सुलभा कुलकर्णी या पुण्यातील भौतिकशास्त्रज्ञ. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आणि नंतर पुण्याच्याच आयसरमध्ये त्यांनी संशोधन केले. अतिनील प्रकाश पडताच चमकणारे नॅनो कण हा त्यांच्या कामाचा एक मुख्य विषय.

जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये आतून झिंक सल्फाइडची पावडर लावलेली असे. त्यात किंचित तांबे असेल तर हिरवा प्रकाश मिळे. अशी पावडर भट्टीत तापवून बनवतात. पण हाच पदार्थ काही नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) इतका बारीक केला तर? १९९४ मध्ये अमेरिकेतील रामेश्वर भार्गव यांच्या गटाने मँगनीज मिसळलेले असे कण फार तेजस्वी असतात, असा दावा केला आणि जगभर धावपळ सुरू झाली. (ते कण हजारो पट वेगाने प्रकाश सोडतात, हा त्यातला भाग पुढे टिकला नाही.)

कुलकर्णी यांच्या गटाचे दोन शोधनिबंध १९९५ मध्येच 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मध्ये आले. एक मँगनीजवर, दुसरा तांब्यावर. मँगनीजने नारिंगी प्रकाश, तांब्याने हिरवा. मँगनीजचे कण तर पाण्यातल्या द्रावणात बनवलेले.

जस्ताच्या क्षारात सोडियम सल्फाइड मिसळले की पांढरा साका बसतो. एवढे भोकरदनच्या कॉलेजातही बीकरमध्ये जमेल. खरे कसब कणांची वाढ वेळेत थांबवण्यात आहे. त्यासाठी त्यांच्यावर बहुधा सेंद्रिय रेणूंचे आवरण चढवतात. कण ३ नॅनोमीटरचे झाले की ३०चे, हे बघायला मात्र क्ष-किरण विवर्तन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. अडते ते तिथे.

पेशींच्या चित्रणासाठी असे कण आकर्षक वाटतात, कारण क्वांटम डॉट्समध्ये सर्रास वापरले जाणारे कॅडमियम विषारी आहे; झिंक सल्फाइडमध्ये ते नसते. अडचण एवढीच, की त्यांना चमकवणारा अतिनील प्रकाश शरीरात खोल जात नाही. त्यामुळे काचपट्टीवरच्या पेशींसाठी ते जास्त सोयीचे.

संवेदकांकडे हा गट वेगळ्या वाटेने गेला. २००६ मध्ये त्यांनी सिलिकावर चांदीचे कवच चढवून, त्याला प्रतिपिंडे जोडून ई. कोलाय जिवाणू झटपट ओळखण्याची पद्धत मांडली. हे कण चमकत नाहीत. जिवाणू चिकटला की ते प्रकाश शोषण्याची पद्धत बदलतात.

कुलकर्णी यांचे 'नॅनोटेक्नॉलॉजी : प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिसेस' हे इंग्रजी पाठ्यपुस्तकही आहे.