घोड्याने आखलेली, इंजिनाने सपाट केलेली वाट

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून दिवसभर खडीवरून सायकल चालवावी आणि मोटारीचा हॉर्न एकदाही कानी पडू नये, या सुखाची कीर्ती आता जगभरच्या सायकलस्वारांत पसरली आहे. या वाटांचे कूळ मात्र फारसे कोणी विचारत नाही. त्यातल्या उत्तमोत्तम वाटा सायकलींसाठी बांधलेल्याच नाहीत. कुणाची रुंदी बोट ओढणाऱ्या घोड्याने ठरवली, तर कुणाचा चढ वाफेच्या इंजिनाने.

सुरुवात थेट चौदाव्या लुईच्या दरबारात सापडते. त्याचा मंत्री कोल्बेर याने १६६९ साली जंगले आणि पाण्यासंबंधी एक मोठा कायदा केला. आरमाराला लाकूड मिळावे हा त्यामागचा मुख्य हेतू, पण त्यात नद्यांविषयीही एक कलम होते. बोटी चालतात अशा नदीकाठी ज्याची जमीन असेल त्याने किमान २४ फुटांची पट्टी मोकळी सोडायची. ज्या बाजूने बोट ओढली जाते तिथे ३० फुटांच्या आत झाड लावायचे नाही, कुंपण घालायचे नाही. समोरच्या काठाला १० फूट सोडले तरी चालेल. यामागचे कारण अगदी साधे होते. घोडा काठावर, बोट प्रवाहात आणि मध्ये लांबलचक ताणलेला दोर. वाटेत एक झाड आले तरी सगळा तांडा खोळंबायचा.

तेव्हाचा फ्रेंच फूट आजच्या फुटापेक्षा किंचित मोठा होता. त्या हिशेबाने २४ फुटांचे ७.८० मीटर होतात, ३० फुटांचे ९.७५ आणि १० फुटांचे ३.२५. फ्रान्सच्या आजच्या कायद्यात हेच तीन आकडे मीटरमध्ये जसेच्या तसे आहेत. राजे गेले, क्रांती झाली, प्रजासत्ताके आली, पण घोड्यासाठी सोडलेली जागा कुणी एका बोटानेही कमी केली नाही.

या वारशाचे सर्वांत देखणे रूप ब्रिटनीत पाहायला मिळते. इंग्रज आरमाराने ब्रेस्त बंदराची कोंडी केली, तेव्हा समुद्राला वळसा घालून आतून रसद पोहोचवावी म्हणून नेपोलियनच्या काळात नाँत ते ब्रेस्त असा कालवा खोदायला घेतला. नकाशावर तो सलग कालवा दिसतो, पण त्याचा बराच भाग म्हणजे बांध घालून बोटींजोग्या केलेल्या नद्याच आहेत. दोन नद्यांच्या मधले डोंगर मात्र फोडावे लागले. ग्लोमेल गावाजवळ सुमारे तीन किलोमीटर लांबीची खिंड खोदली ती ब्रेस्तच्या तुरुंगातून आणलेल्या कैद्यांनी. कुदळ आणि फावड्याचे हे काम १८२३ ते १८३२ असे चालले. आज त्या खिंडीतून जाणारा सायकलस्वार दोन्ही बाजूंच्या गर्द झाडीखाली सावलीत असतो. ती सावली ज्यांच्या घामावर उभी आहे, त्यांची आठवण तिथे ठेवायला हवी.

कालव्याकाठच्या वाटेचा चढही पाहण्यासारखा आहे. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. चढ येतो तो फक्त लॉकपाशी. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. त्यात पाणी भरून बोट वरच्या पातळीला न्यायची. हौदाच्या कडेने पाच-पन्नास पावलांचा छोटा चढ लागतो, मग पुन्हा पुढच्या लॉकपर्यंत सपाटी. बाजूला लॉक राखणाऱ्याचे दगडी घर असते. घोड्याला सगळा दम तेवढ्या चढालाच लागायचा, सायकलस्वाराचेही तसेच.

कालवा १८४२ मध्ये पुरा झाला तोवर नेपोलियन नव्हता, नाकेबंदीही नव्हती आणि रेल्वेचे युग उजाडत होते. पुढे १९३० पर्यंत गेर्लेदाँचे धरण बांधले गेले. त्यात कालव्याचा एक तुकडा लॉकसकट बुडाला आणि आरपार वाहतूक कायमची थांबली.

वंशावळीची दुसरी शाखा रुळांची. शार्ल द फ्रेसिने या बांधकाममंत्र्याने रेल्वे छोट्यात छोट्या तालुक्याच्या गावी न्यायची असा ध्यास घेतला. १८७९ च्या कायद्यात १८१ नवे मार्ग मंजूर झाले; लांबी सुमारे ८,८०० किलोमीटर. ब्रिटनीच्या मध्यावर कारे हे गाव मीटरगेजचे मोठे जंक्शन झाले. तिथून १८९१ मध्ये मोर्लेकडे आणि १८९६ मध्ये रॉस्पोर्देनकडे गाडी सुरू झाली. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून इंजिनाला तीव्र चढ चालत नाही. त्यासाठी टेकड्या कापल्या, दऱ्यांत भराव टाकले, वळणे लांबवली. एवढा खर्च करून जी सौम्य चढण तयार झाली, ती पुढे मोटारी आणि बसगाड्यांपुढे टिकली नाही. कारेच्या मीटरगेज जाळ्याचा बहुतेक भाग १९६७ मध्ये बंद पडला.

याच सुमारास गावोगाव आणखी एक उलथापालथ चालू होती. ट्रॅक्टरला मोठी शेते हवीत म्हणून सरकारने जमिनींचे एकत्रीकरण केले. ब्रिटनीत शेतांच्या बांधांवरची झाडी तोडली गेली, आणि दोन उंच बांधांमधून जाणाऱ्या जुन्या खोलगट गाडीवाटा नांगराखाली गेल्या. शतकानुशतके बैल-घोड्यांनी तुडवलेली ती वाटांची जाळी गेली, ही मोठीच हानी. कालव्याचा काठ आणि रुळांचा भराव तेवढा तगला, कारण तो सलग होता आणि सार्वजनिक मालकीचा होता. जिथे रेल्वेची पट्टी तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली, तिथे आज कुणाची परसबाग आहे, कुणाचे गोदाम, आणि वाट नाही.

पुढचा टप्पा बर्गंडीतला. जिव्री ते क्लुनी या बंद रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये फ्रान्सचा पहिला ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे हरितमार्ग, खुला झाला. १९९८ च्या डिसेंबरात देशभराच्या जाळ्याचा आराखडा मंजूर झाला आणि २००४ मध्ये वाहतूक नियमांत अशा मार्गाची व्याख्याच आली: बिनमोटारी वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव. म्हणजे ज्याच्यासाठी पट्टी आखली, तो घोडाही कायद्याने आत राहिला.

बर्गंडीत पुष्कळ ठिकाणी डांबर आहे, ब्रिटनीत मात्र दाबून बसवलेली वाळू आणि बारीक खडी. डांबर मुलांच्या आणि अपंगांच्या चाकांना सोयीचे, हे खरेच. पण कालव्याच्या काठाला खडीच शोभते. ती पाऊस मुरवते आणि वेगालाही आवर घालते.

अशा वाटेवर धावणारी जाड टायरची ग्रॅव्हल सायकल आज अमेरिकी म्हणून ओळखली जाते, कारण कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ मध्ये सुरू झालेल्या खडीवरच्या शर्यतीने तिचा गाजावाजा केला. तिचे आजोळ मात्र फ्रान्सच. सँतेत्येन शहरात पॉल द व्हिवी हा गृहस्थ ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने १८८७ पासून सायकलींचे मासिक काढत होता. गिअर बदलता यावेत आणि कच्च्या रस्त्यांसाठी टायर रुंद असावेत, हे त्याचे आयुष्यभराचे सांगणे. टूर द फ्रान्सने डिरेलर गिअरला परवानगी दिली ती १९३७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. त्या वर्षी जिंकलेल्या रॉजे लापेबीचे नाव बोर्दोजवळच्या एका जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेला दिले आहे.

दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या सायकलफेरीत महाराष्ट्रातले सायकलस्वारही उतरतात आणि कारेच्या तपासणी नाक्यावर शिक्का मारून घेतात. घड्याळाशी झुंज चाललेली असल्यामुळे गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेला कालवा कुणाला पाहता येत नाही. पुढची फेरी २०२७ मध्ये आहे. जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे काढावे, टायर थोडे जाड घालावेत आणि काठाकाठाने ग्लोमेलच्या खिंडीपर्यंत जाऊन यावे.