तंजावरचे वडिवेलू : एका परक्या वाद्याची वहिवाट

आमच्या वकिली व्यवसायात ‘वहिवाट’ हा शब्द मोठ्या तोलाचा आहे. एखाद्या वाटेने माणूस उघडपणे, हक्काने व अखंड जात-येत राहिला, म्हणजे कालांतराने त्याचा हक्क कायदाही मान्य करतो. कलेच्या प्रांतात असा हक्क कसा सिद्ध होतो, हे पाहावयाचे असल्यास तंजावरच्या वडिवेलूंचे चरित्र पाहावे.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या तंजावरच्या मराठी राज्यात दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविणारे, सरस्वती महाल ग्रंथालय वाढविणारे आणि नृत्यासाठी मराठी निरूपणे रचणारे ते हेच सरफोजी. पाश्चात्य संगीताचीही त्यांना आवड होती. याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू नावारूपास आले. त्यांचे घराणे देवालयाच्या नृत्यसेवेतील. गुरू मुत्तुस्वामी दीक्षितर. भरतनाट्याच्या प्रयोगात अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम आज आढळतो, तो या चौघांनी बांधून दिला.

वडिवेलू त्यांतील सर्वांत धाकटे. जन्म १८१० चा. त्यांनी हाती घेतले ते व्हायोलिन.

हे वाद्य यूरोपचे. बरोक काळात कोरेल्लीसारख्या वादक-रचनाकारांनी रोममध्ये कार्डिनलांच्या आश्रयास राहून त्याचे वैभव वाढविले. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत ते चर्चच्या शाळांतून शिकविले गेले. मद्रासेत दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी ते एका यूरोपीय वादकापासून शिकले. परंतु शिकणे निराळे आणि आपलेसे करणे निराळे. यूरोपीय वादक ते हनुवटीखाली धरतो. दक्षिणेतील वादक मांडी घालून बसला, वाद्याचे टोक त्याने पायाच्या घोट्यावर टेकविले आणि तारा षड्ज-पंचमात लावल्या. डावा हात मोकळा झाला आणि गायकाच्या गळ्यातील गमक तारेवर उतरले. हे कार्य एकट्याचे नव्हे. तथापि त्यास राजसभेत प्रतिष्ठा मिळवून देण्यात वडिवेलूंचा वाटा मोठा आहे.

पुढे ते त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांच्या आश्रयास गेले. महाराज स्वतः वाग्गेयकार. तेथे वडिवेलूंनी नृत्यासाठी वर्णे रचली, मोहिनीअट्टमच्या घडणीस हातभार लावला. आणि १८३४ मध्ये महाराजांनी त्यांस हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले. वहिवाटीवर झालेले हे शिक्कामोर्तबच होय!

या कथेत एक राजा मराठी, दुसरा मलयाळी, कलावंत तमिळ, रचनांची भाषा पुष्कळदा तेलुगू आणि वाद्य यूरोपचे. मालकीचा दावा कोणी सांगावा? आपल्या बेळगाव-निपाणी भागात मराठी अभंगाशेजारी कन्नड दासांचे पदही ऐकू येते. तरी ‘हे आमचे, ते तुमचे’ ही तक्रार आपल्या ओठांवर चटकन येते. माझे नम्र मत असे की, ज्याने सेवा केली, त्याची ती कला. मात्र वहिवाट दीर्घकाळ खंडित झाली की हक्कही लयास जातो, हेही कायदा सांगतो. तेव्हा हक्काचे कागद धुंडाळण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच मनाशी विचारावे : आपल्या देवळातील सायंकाळच्या भजनास मी शेवटचा केव्हा बसलो होतो?