सवय कशाची व्हावी?



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, आणि एक ताई निघता निघता थांबल्या. त्यांचा मुलगा नुकताच टाक्या उपसणाऱ्या टँकरवर कामाला लागला आहे. घरांचे संडासाचे टाके आणि हमरस्त्यावरच्या धाब्या-हॉटेलांच्या तेलकट, खरकट्या पाण्याच्या टाक्या तो उपसतो. ताई म्हणाल्या, "पहिला आठवडा पोरगं धड जेवलं नाही. कंबर धरून झोपायचं. आता म्हणतो, आई, सवय झाली. वाससुद्धा येत नाही."

सगळ्याजणींना बरं वाटलं. मला मात्र ते शेवटचं वाक्य खटकलं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, पण जरा मागून सुरुवात करते.

आपल्या आजीच्या काळात शहरात पाण्याचे संडास थोडे होते. मैला खाली टोपलीत किंवा डब्यात पडायचा आणि कुणीतरी तो भरून डोक्यावरून वाहून न्यायचं. हे काम जातीने ठरलेलं होतं, आणि घरोघरी जाऊन ते करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. पावसाळ्यात टोपली गळायची. घाण केसांत, तोंडावर यायची. बघणारे म्हणायचे, "त्यांना सवय आहे." हे तीन शब्द बोलले की बघणाऱ्याला पुढे काही करावं लागत नसे.

ही समजूत मोडायला काही माणसांनी स्वतःचे हात घाण केले. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडेच असायचं, म्हणून त्यांना नकार मिळाला. अप्पासाहेबांनी जेवण कमी केलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास धरला, आणि सरकारला नमावं लागलं. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात, मैल्याला हात लावावा लागणार नाही असे संडास करण्यावर मेहनत घेतली. त्यांनी नुसतं काम अंगावर घेतलं नाही, कामाची रीतही बदलायला घेतली.

१९४९ साली तेव्हाच्या मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या हालअपेष्टा पाहण्यासाठी बर्वे समिती नेमली. समितीचा अहवाल १९५२ साली आला. डोक्यावरून मैला वाहणं बंद करा, कामाची साधनं सुधारा, असं त्यात सांगितलं होतं. १९५५ साली केंद्र सरकारने त्यातल्या मुख्य शिफारशी इतर राज्यांना कळवल्या. तरीही हाताने मैला उचलायला लावणं गुन्हा ठरवणारा कायदा व्हायला १९९३ उजाडलं. २०१३ साली दुसरा कायदा आला. संरक्षक साधनं न देता माणसाला गटारात किंवा संडासाच्या टाक्यात उतरवणं त्याने गुन्हा ठरलं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा कामात मृत्यू झाला तर वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी.

म्हणजे टोपली गेली, डबा गेला, आता टँकर आला. टँकरवरच्या माणसाच्या अंगाला काय झेपतं आणि काय झेपत नाही, ते आता बघू.

वजन झेपतं, पण हळूहळू. कापूस वेचणीचे पहिले दिवस आठवा. बोटं चिरतात, कंबर धरते, आणि दोन-तीन आठवड्यांनी अंग वळणी पडतं. टँकरचा पाइप भरला की फार जड होतो. तो दोघांनी उचलावा, गुडघे वाकवून आणि अंगाशी धरून. तेलकट टाकीभोवती जमीन निसरडी असते, म्हणून पकड असलेले गमबूट हवेत. हातमोजे हवेत, जेवणाआधी साबणाने हात हवेत, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काम सकाळी उरकावं.

वासाची गोष्ट वेगळी. सडलेल्या मैल्यातून आणि खरकट्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास बंद होतो. तेव्हा वास येत नाही म्हणून धोका टळला असं समजू नये. तो वाढलेलाही असू शकतो. फारच वाढला तर थोड्याच श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत.

आपले जुने लोक पडक्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे. ते शहाणपण होतं, पण टाक्यात ते करू नका. तिथे पेट घेणारा वायूही असतो. बिडी, काडेपेटी लांबच ठेवायची.

आपण खेड्यात त्याला 'सेफ्टी टँक' म्हणतो. खरा शब्द सेप्टिक, म्हणजे जिथे सडतं ते.

हे सगळं मी त्या ताईंना दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काम सोडायला सांगू? घरात तेवढाच पगार येतो." मी म्हटलं, काम सोडायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. पण झाकण उघडलं की बाजूला उभं राहायचं, आत वाकायचं नाही. पाइप अडकला, तळाला गाळ राहिला, मालक ओरडला, तरी आत उतरायचं नाही. कुणी आत पडलाच तर मागे उडी घालायची नाही. आरडाओरडा करायचा आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

त्या रात्री ताईंनी मुलाला जेवायला वाढताना विचारलं, "कधी आत उतरलास का?" तो म्हणाला, "एकदा." ताईंच्या हातातली पोळी हातातच राहिली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी या कामावर असेल तर आज त्याला हाच प्रश्न विचारा. आणि तुमच्या घरचा टाका उपसायला माणसं येतील, तेव्हा त्यांना पाणी द्या, हात धुवायला साबण द्या. तळाला थोडा गाळ राहिला तर राहू द्या, पण कुणाला आत उतरायला सांगू नका.